प्रवासात आणि रोजच्या वाटेवर कला आणि पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठेही निघाले तरी माझ्या पिशवीत दोन गोष्टी असतात, एक दुर्बीण आणि एक कोऱ्या पानांची वही. सकाळी झाडाखाली त्या बाहेर निघतात आणि दुपारी संग्रहालयातही. ते पाहून सोबतचे लोक, कधी अगदी अनोळखी लोकही, काही ना काही विचारतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

कला आणि पक्षी हे दोन वेगळे छंद आहेत. ते एकत्र का करायचे?

मला ते वेगळे वाटत नाहीत, कारण दोन्हींना लागणारी नजर एकच आहे. एकदा एका संग्रहालयात शाईनं काढलेल्या बगळ्याच्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. मान काढताना चित्रकारानं कुंचला गोल वळवत नेला नव्हता. मध्येच एका जागी थबकून त्यानं दिशा बदलली होती. आधी मला ती चूकच वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याकाठी राखी बगळा दिसला, आणि त्याच्या मानेतही अगदी त्याच जागी तो कोन होता. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या घडणीचा असतो. त्यामुळे मान तिथे मुडपते आणि मासा टप्प्यात आला की भाल्यासारखी सुटते. त्याआधी मी शेकडो बगळे पाहिले असतील, पण तो कोन मला चित्रानं दाखवला.

तेव्हापासून बगळ्याचं कुठलंही चित्र समोर आलं की मी आधी मान बघते. मान रबरी नळीसारखी वळलेली असेल तर काढणाऱ्यानं बहुधा दुसऱ्या कुणाचं चित्र पाहून बगळा काढलेला असतो. कोन असेल तर तो माणूस पाण्याकाठी बसलेला असतो. चित्र पक्षी पाहायला शिकवतं आणि पक्षी चित्र पाहायला शिकवतो. ही देवाणघेवाण एकदा सुरू झाली की दोन छंदांमधली भिंत राहत नाही.

पक्ष्यांची नावं येत नाहीत, चित्रकलेतलंही काही कळत नाही. चालेल का?

चालेल. उलट सुरुवातीला नाव माहीत नसण्याचा फायदाच होतो. 'साळुंकी आहे' असं मनात उमटलं की नजर दुसरीकडे वळते. नाव माहीत नसेल तर आपण बघत राहतो : चोच पिवळी आहे, डोळ्यामागची कातडीही पिवळीच आहे, उडताना पंखांत पांढरा ठिपका चमकतो, चालताना उड्या न मारता एकेक पाऊल टाकते. हे सगळं पाहून झाल्यावर कळलेलं नाव विसरायला होत नाही.

चित्रांचंही तसंच आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात याची पाहणी झाली होती आणि ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद, आणि निम्म्या वेळा तर माणसं १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकली होती. त्यातलाही काही वेळ शेजारची पाटी वाचण्यात जातो. म्हणून माझा आग्रह असतो की पाटी शेवटी वाचा. आधी दोन मिनिटं नुसतं बघा. उजेड कुठून येतोय, कोण कुणाकडे बघतंय, चित्रकारानं कुठल्या कोपऱ्यावर जास्त मेहनत घेतली आहे. मग पाटीकडे वळा. तोवर तुमच्या मनात स्वतःचे प्रश्न तयार झालेले असतात आणि पाटी त्यांची उत्तरं देते किंवा देत नाही.

रोजच्या धावपळीत वेळ कुठून आणायचा?

वेगळा काढायचाच नाही. बसची वाट पाहताना, सिग्नलला, कुणी यायचं असेल तेव्हा, जिन्याच्या खिडकीशी. अशा वेळी हात आपोआप फोनकडे जातो. तो जायच्या आधी मान वर करायची, एवढंच. आकाशात कोयत्याच्या पात्यासारखे पंख असलेले छोटे पक्षी गिरक्या घेताना दिसले तर त्या पाकोळ्या. युरोपातल्या साध्या पाकोळ्यांवर हलकी नोंदयंत्रं बसवून स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की त्यांतल्या काही सलग दहा महिने जमिनीला पाय न लावता हवेत राहतात. झोपही बहुधा तिथेच. हे ठाऊक झाल्यापासून पाकोळी दिसली की माझी बस लवकर आली नाही तरी चालतं.

शहरात कावळे आणि पारवे सोडून काय दिसणार?

पारव्यापासूनच सुरुवात करू. पारवा मुळात कड्याकपारींत घरटं करणारा पक्षी. त्याच्या दृष्टीनं सज्जे, कोनाडे, पुलाखालच्या तुळया हे सगळं कड्यासारखंच. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की शहर वेगळं दिसायला लागतं. उंच इमारत म्हणजे सुळका, दोन इमारतींमधला रस्ता म्हणजे घळ, गटाराच्या कडेची ओल म्हणजे ओढ्याचा काठ. मग त्या त्या जागेचा पक्षी तिथे शोधायचा.

कडे आणि पारवे दोन्ही असले की बहिरी ससाणाही येऊ शकतो. लंडनचं टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय पूर्वीच्या वीजकेंद्राच्या इमारतीत आहे. तिच्या ९९ मीटर उंच धुराड्यावर बहिरी ससाणे बसतात. आतली चित्रं पाहून बाहेर आलेल्या हजारो लोकांच्या डोक्यावर जगातला सर्वांत वेगवान पक्षी बसलेला असतो. सूर मारताना तो ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो.

जुन्या इमारती तर मला पक्ष्यांसाठीच बांधल्यासारख्या वाटतात. कोरीवकाम जितकं खोल, तितक्या बसायच्या आणि लपायच्या जागा जास्त. स्पेनमधल्या अल्फारो गावात सान मिगेल चर्चच्या छपरावर पांढऱ्या करकोच्यांची शंभराहून जास्त घरटी आहेत. मध्य प्रदेशात ओरछ्याला बेतवा नदीकाठी बुंदेला राजांच्या छत्र्या आहेत, त्यांच्या उंच कोनाड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. तिथे दुर्बीण कशासाठी लावली, वास्तुकलेसाठी की गिधाडासाठी, हे सांगता येत नाही. आधी कमान पाहावी, मग कमानीत बसलेलं गिधाड, मग पुन्हा कमान. गिधाड कुठे बसलंय हे कळल्यावर तिची उंची खऱ्या अर्थानं जाणवते.

आणि पारव्याला तुच्छ लेखू नका. त्याच्या मानेवरची हिरवी-जांभळी झाक रंगद्रव्याची नसते, पिसांच्या सूक्ष्म रचनेवर पडणाऱ्या उजेडाची असते. मान हलली की हिरव्याचं जांभळं होतं. हे रंगात उतरवणं किती कठीण आहे ते एकदा करून पाहा.

रोजच्या वाटेवर कला कुठे असते? माझ्या आसपास संग्रहालय नाही.

जिथे कुणीतरी गरजेपेक्षा जास्त हात चालवला आहे, तिथे. खिडकीच्या लोखंडी जाळीतली वेल, दाराच्या कडीचा आकार, जिन्याच्या फरशीवरची नक्षी, पुलाच्या कठड्यावरचे ओतीव लोखंडी पक्षी. जाळी नुसती चोरापासून राखायला हवी असती तर सरळ गज पुरले असते. तिथे वेल काढणाऱ्या माणसाला काहीतरी सांगायचं होतं.

नाणी आणि टपाल तिकिटंही बघा. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर इसवी सनापूर्वी ५व्या शतकात एक घुबड असायचं, मोठ्या डोळ्यांचं, समोर बघणारं. आजच्या ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर तेच नाणं घुबडासकट कोरलेलं आहे. एक चित्र अडीच हजार वर्षं लोकांच्या मुठीतून फिरतंय.

मग भिंती. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर भागात २०१४ पासून हवामानबदलामुळे धोक्यात आलेले पक्षी भिंतींवर आणि बंद शटरवर रंगवले जात आहेत. त्या भागातून जाणाऱ्याला कला शोधायला वेगळं कुठे जावंच लागत नाही. तुमच्या वाटेवर पक्ष्याचं भित्तिचित्र असेल तर त्याचे पाय जरूर बघा. बहुतेक पाखरांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं, पण पोपटाची दोन पुढे, दोन मागे. भिंतीवरच्या पोपटाची बोटं मोजली की रंगवणाऱ्यानं पोपट जवळून पाहिला होता का, ते कळतं.

प्रवासाला निघण्याआधी काय तयारी करावी?

दोन शोध पुरतात. जिथे जाणार तिथल्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर, संग्रहाच्या शोधखिडकीत 'पक्षी', 'हंस', 'घुबड' असे शब्द तिथल्या भाषेत टाकून बघा. अनेक मोठ्या संग्रहालयांनी आपली चित्रं मोकळी केली आहेत. मेट्रोपॉलिटननं २०१७ मध्ये आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा कुणीही कशाही वापराव्यात म्हणून खुल्या केल्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची चित्रंही मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. दुसरा शोध ईबर्डवर. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा हा नोंदसंग्रह २००२ पासून चालवते. नकाशावर तुमच्या मुक्कामाभोवती बोट फिरवलं की कुठल्या तळ्यावर, कुठल्या बागेत, कुठल्या महिन्यात कोणते पक्षी नोंदले गेले ते दिसतं.

यापलीकडे फार ठरवू नका. माझी सगळ्यात चांगली सापडलेली चित्रं पाऊस आला म्हणून आडोशाला शिरलेल्या जागी सापडली आहेत.

एकच दिवस हातात असेल तर पक्षी पाहावेत की संग्रहालय?

दोन्ही, कारण त्यांच्या वेळा एकमेकींच्या आड येत नाहीत. पक्षी पहाटे सर्वांत जास्त गातात आणि हालचाल करतात. हवा स्थिर असते, गोंगाट कमी असतो. संग्रहालयं उघडेपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि पक्षी सावलीत गप्प झालेले असतात. मग आत जावं. संध्याकाळी संग्रहालय बंद झाल्यावर पुन्हा बाहेर : थवे रातथाऱ्याला परतत असतात आणि त्यासाठी एखादं मोठं झाड पुरतं. मधल्या वेळेत पाय दुखतात, तेव्हा बाकावर बसा. बाकावरूनही दोन्ही दिसतं.

संग्रहालयात पक्षी कुठे शोधायचे?

नैसर्गिक इतिहासाच्या दालनात पेंढा भरलेले पक्षी असतात, पण मी सांगतेय ते वेगळ्या पक्ष्यांबद्दल. चित्राच्या मध्यभागी राजा, संत, देवी असते. पक्षी असतात कडेला. हस्तलिखिताच्या समासात, गालिच्याच्या किनारीत, खांबाच्या माथ्यावर, छतात, फरशीवर. म्हणून मी मोठ्या चित्रासमोर उभी राहिले की आधी चारही कोपरे फिरून येते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामुन नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातलं, इसवी सनापूर्वी १३५० च्या सुमाराचं भित्तिचित्र आहे. तो होडीत उभा राहून पाणथळीत पक्ष्यांची शिकार करतोय. लोकांची नजर त्याच्यावर जाते. पण लव्हाळ्यातून एकदम उठलेला थवा बघा, आणि त्या थव्यात एकाच वेळी तीन पक्षी धरणारं मांजर बघा. इटलीतल्या रावेनात, गाला प्लासिदिया या रोमन सम्राज्ञीच्या समाधीगृहात ५व्या शतकातली मोझाइकची, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली, कबुतरं पाण्याच्या वाडग्याशी बसली आहेत. रोममध्ये, सम्राट ऑगस्टसची पत्नी लिविया हिच्या घरातली रंगवलेली बाग आता पलाझ्झो मास्सिमो संग्रहालयात एका अख्ख्या खोलीभर मांडली आहे. चारही भिंतींवर फळझाडं आणि त्यांत पक्षी. मध्ये उभं राहून एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि फांदी-फांदी तपासत गोल फिरायचं, जसं खऱ्या झाडात शोधतो तसं. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात छताकडे मान केली तर हंसांची रांग गोल फिरताना सापडते. कुठल्याही दोन हंसांची मान सारखी नाही.

चित्रकारानं तो पक्षी खरंच पाहिला होता का, हे कसं ओळखायचं?

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी पाय. पक्ष्याच्या पायात मागे वळलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर, पिसांत दडलेला असतो. हे ज्याला माहीत नाही त्याचा पक्षी पाय उलटे लावल्यासारखा दिसतो. मग वजन बघा. फांदीवर बसलेल्या पक्ष्याचा भार पंजांवर येतो की तो फांदीला नुसता चिकटवलाय? मग नजर. पक्षी कशाकडे तरी बघत असतो, चित्रातलाही बघत असायला हवा.

फ्रान्समधल्या शोवे गुहेत ३० हजार वर्षांहून जुनं एक घुबड आहे. कुणीतरी भिंतीच्या मऊ थरावर बोटांनी ओढून ते काढलंय. पंखांच्या रेषांवरून कळतं की त्याची पाठ आपल्याकडे आहे, पण चेहरा मात्र सरळ आपल्याकडे वळलेला आहे. घुबड मान पूर्ण मागे फिरवू शकतं, हे त्या माणसानं पाहिलं होतं. तो माणूस कोण, कुठल्या भाषेत बोलत होता, काहीच उरलेलं नाही. पण एका रात्री एका घुबडानं पाठमोरं बसून त्याच्याकडे पाहिलं, एवढं मला खात्रीनं वाटतं. मूळ गुहा लोकांसाठी बंद आहे. जवळच तिची हुबेहूब प्रतिकृती २०१५ मध्ये उघडली.

जहांगीर बादशहाच्या दरबारातला उस्ताद मन्सूर हा माझ्या मते जगातल्या थोर पक्षीचित्रकारांपैकी एक. खुद्द बादशहाही मन लावून पक्षी बघणारा होता. त्यानं पाळलेल्या सारसांच्या जोडीला लैला आणि मजनू अशी नावं दिली होती आणि ती अंडी कशी उबवतात याच्या बारीक नोंदी आत्मचरित्रात लिहिल्या. मन्सूरनं सायबेरियन क्रौंचाचं चित्र १७व्या शतकाच्या सुरुवातीला काढलं. शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्याचं रीतसर वर्णन केलं १७७३ मध्ये. म्हणजे दीडशे वर्षं तो शास्त्रात नव्हता, पण कागदावर होता, तांबड्या उघड्या चेहऱ्यासकट.

नेदरलँड्समधल्या हेग शहरात, मॉरित्सहाउस संग्रहालयात कारेल फाब्रिशियसचं १६५४ मधलं छोटंसं चित्र आहे. वहीच्या पानाएवढ्या आकारात भिंतीवरच्या पेटीवर बसलेला एक गोल्डफिंच नावाचा चिमुकला पक्षी, पायात बारीक साखळी. जवळून पाहिलं तर पंखावरची पिवळी पट्टी म्हणजे रंगाचे जाड फटकारे आहेत. दोन पावलं मागे गेलं की पक्षी श्वास घेतो. फाब्रिशियसनं पिसं मोजली नाहीत, पक्षी एका क्षणात डोळ्यांना जसा भिडतो तसा ठेवला. त्याच वर्षी डेल्फ्टमधल्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि त्यात तो मरण पावला.

उलट उदाहरण ऑडुबॉन या अमेरिकन पक्षीचित्रकाराचं. १८२७ ते १८३८ या काळात त्यानं अमेरिकेतले पक्षी ४३५ पानांवर छापून काढले, आणि त्याचा हट्ट होता की प्रत्येक पक्षी खऱ्या आकाराचाच हवा. कागद साधारण एक मीटर उंच, तरीही रोहित पक्षी (फ्लेमिंगो) त्यात उभा मावेना. म्हणून त्यानं त्याची मान खाली वाकवून पायांशी आणली. तो पक्षी मारून, तारांनी हव्या त्या स्थितीत बांधून चित्र काढायचा. चित्रं देखणी आहेत, पण काहींत ती तार मला अजून जाणवते.

आणि कधी कधी हा प्रश्न बाजूला ठेवायला लागतो. शिल्पकार ब्रांकुशीच्या 'अवकाशातील पक्षी' या शिल्पाला चोच नाही, पंख नाहीत, पाय नाहीत. आहे ती झळाळणाऱ्या धातूची एक उभी, निमुळती रेघ. १९२६ मध्ये ते अमेरिकेत नेलं तेव्हा जकात अधिकाऱ्यांनी त्याला कलाकृती मानायला नकार दिला आणि स्वयंपाकघरातली भांडी नि इस्पितळातलं सामान या वर्गात घालून कर लावला. खटला चालला. १९२८ मध्ये न्यायालयानं ती कलाकृती असल्याचं मान्य केलं. त्या शिल्पासमोर उभं राहिलं की पायांची बोटं मोजावीशी वाटत नाहीत. त्यात पक्षी वजा केला आहे आणि उड्डाण तेवढं ठेवलं आहे. मला वाटतं, ब्रांकुशीनंही पक्षी खूप पाहिला असणार.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२ हा मधला मार्ग. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट दुर्बिणीत हाताची थरथरही दहापट दिसते. प्रवासात वजन नको असेल तर ८×२५ घ्या, फक्त पहाटेच्या अंधूक उजेडात ती कमी पडते.

आमच्यासारख्यांनी आणखी एक आकडा विचारावा, तो म्हणजे किती जवळचं स्पष्ट दिसतं. दीड-दोन मीटरवर नजर जुळणारी दुर्बीण संग्रहालयात सोन्यासारखी. उंच छतावरचं रंगकाम, रंगीत काचेतला वरचा तुकडा, दोरीपलीकडच्या चित्रातला मागचा डोंगर, सगळं जवळ येतं. मी पहिल्यांदा छताकडे दुर्बीण लावली तेव्हा रखवालदार चौकशीला आले. त्यांना बघायला दिली. बराच वेळ त्यांनी ती परत केली नाही. रोज त्या छताखाली उभे असूनही वरच्या कोपऱ्यातली पोपटांची जोडी त्यांना कधी दिसली नव्हती.

ॲप वापरावं की नाही?

वापरा, पण उशिरा. मर्लिन हे ॲप २०२१ पासून आवाजावरूनही पक्षी ओळखतं. ऐकताना पडद्यावर आवाजाची आकृती सरकत जाते, शीळ म्हणजे लांब रेघ, चिवचिव म्हणजे ठिपके. मला तर ती आकृतीच चित्रासारखी वाटते, नावापेक्षा मी तिच्याकडेच बघते. आधी स्वतः ऐका, कुठून येतोय ते बोटानं दाखवा, मग फोन काढा. आणि ॲप चुकतं. दिसल्याशिवाय नोंद करू नका.

फोटो काढावेत की चित्र? मला चित्र येत नाही.

'चित्र येत नाही' म्हणजे चांगलं दिसणारं चित्र येत नाही. इथे तसं चित्र नकोच आहे. एक अंडं काढा, त्यावर एक गोटी, पुढे चोचीची रेघ, मागे शेपटीची. शेपटी शरीराच्या मानानं किती लांब? चोच डोक्याच्या लांबीपेक्षा मोठी की लहान? बसल्यावर अंग उभं की आडवं? ही प्रमाणं कागदावर मांडताना तुम्हाला पक्ष्याकडे पुन्हा बघावं लागतं, आणि तेच हवं असतं. फोटो तो त्रास वाचवतो, म्हणून त्यात कमी उरतं. ओळख पटवायला फोटो उपयोगी आहे, त्याला माझा विरोध नाही.

संग्रहालयात पेन्सिलच न्या. पुष्कळ ठिकाणी शाई चालत नाही. वहीत मी डाव्या पानावर पक्षी आणि उजव्या पानावर त्या दिवशी पाहिलेली कलाकृती असं ठेवते, खाली तारीख, वेळ, उजेड कसा होता ते. कधीतरी समोरासमोरची दोन पानं एकमेकांशी बोलायला लागतात, तेव्हा दिवस सार्थकी लागला असं वाटतं.

सोबतचे लोक कंटाळतात. काय करू?

त्यांना काम द्या. मुलांना सांगा, या दालनातले सगळे पक्षी मोजून आणा. मोठ्यांनाही हेच सांगा, दहाच मिनिटांत पैज लागते. आणि जे रमतच नाहीत त्यांना मोकळं सोडा, ठरल्या वेळी दाराशी भेटा. बळजबरीनं थांबलेला माणूस पक्षीही उडवतो आणि आपलं मनही.

काय टाळावं?

घरट्याजवळ जाऊ नका. पिल्लांचा फोटो मिळाला आणि आईबाप परत आले नाहीत, असं खरंच होतं. पक्षी बाहेर यावा म्हणून फोनवर त्याचा आवाज वाजवू नका. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसलाय, आणि खाणं, पिल्लं सोडून तो भांडायला येतो. दुर्मीळ घुबडाची नेमकी जागा जाहीर सांगू नका. संग्रहालयात फ्लॅश नको, चित्राला बोट नको, पाठीवरची पिशवी पुढे घ्या. जुन्या वास्तूत पक्षी बघायला म्हणून कोरीवकामावर चढणारी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा राग आवरत नाही.

आजारपणामुळे किंवा जबाबदारीमुळे बाहेर पडता येत नाही. घरून काय करता येईल?

खूप काही. एक खिडकी निवडा आणि रोज एकाच वेळी दहा मिनिटं तिच्याशी बसा. महिन्याभरात कोण कधी येतं, कोण कुणाला घाबरतं, कुठल्या तारेवर कुणाचा हक्क आहे, हे कळायला लागतं. जपानमधल्या क्योतोचा चित्रकार इतो जाकुचू यानं अंगणात कोंबड्या पाळल्या आणि त्यांच्याकडे बघत बसून जी चित्रं काढली ती अडीच शतकांनंतरही डोळे दिपवतात. त्याला पक्षी पाहायला अंगणाबाहेर जावं लागलं नाही.

त्या खिडकीची काच मोठी असेल तर एक गोष्ट नक्की करा. काचेत आकाश आणि झाडं दिसतात, पक्षी त्या प्रतिबिंबाकडे झेपावतात आणि आपटून मरतात. काचेच्या बाहेरच्या बाजूला सगळीकडे, एकमेकांपासून ५ सेंटिमीटरहून जास्त अंतर न ठेवता ठिपके किंवा रेघा काढल्या की त्यांना अडथळा कळतो. ससाण्याचं एखादंच चित्र चिकटवून उपयोग होत नाही. पण ठिपक्यांची नक्षी कशी असावी हे तुमच्या हातात आहे. माझ्या ओळखीच्या एका आजींनी पूर्ण काचेवर वेलबुट्टी काढली. त्यांच्या घरात आता सकाळी जमिनीवर तिची सावली पडते आणि बाहेर कुणी आपटत नाही.

चित्रात भेटलेला पक्षी आता प्रत्यक्ष पाहायला मिळत नसेल तर?

तर चित्र आणखी जपून बघावं लागतं. उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं डोडोचं एक चित्र सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. डोडोच्या पुष्कळ चित्रांपेक्षा ते जास्त विश्वासार्ह मानतात, कारण ते जिवंत पक्षी समोर ठेवून काढलं असावं. १६६२ नंतर डोडो दिसल्याची खात्रीची नोंद नाही.

सायबेरियन क्रौंच अजून आहे. भरतपूरच्या पाणथळीत हिवाळ्याला येणारे क्रौंच मात्र कमी कमी होत गेले. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली, त्यानंतर कुणी आलं नाही. आज जगातले जवळपास सगळे सायबेरियन क्रौंच हिवाळा काढतात तो चीनमधल्या पोयांग सरोवरावर. मन्सूरचा क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या संग्रहात आहे. त्या चित्राच्या प्रतिमेवरून मी तो माझ्या वहीत उतरवून घेतला, पांढरं अंग, तांबडा चेहरा, लांब पाय. या वेळी क्रम उलटा झाला आणि चित्र आधी मिळालं, म्हणून ते उजव्या पानावर आहे. डावं पान कोरं ठेवलं आहे. पोयांगला जाणं झालं तर वही तीच न्यायची आहे.